सटवीचा वरवंटा

परळ, शुक्रवार संध्याकाळ, १९५७

बाळाचा आज सहावा दिवस. दुपारी सासूबाईंनी वरवंटा धुतला, हिरव्या फडक्यात गुंडाळला आणि बाळाच्या उशाशी ठेवला. सटवीसाठी! मी चक्रावलेच. लग्नाआधी कलमा पढले तेव्हा वाटलं होतं, हे सगळं माहेरीच राहिलं.

"अम्मा, हे आपल्यात चालतं?"

"तुझ्या नवऱ्याच्या वेळी ठेवला, त्याच्या बापाच्या वेळीपण ठेवलेला. बिस्मिल्ला म्हणायचं नि हळद लावायची. तूच लाव गो."

लावली. तेवढ्यात मोठे दीर आले. वरवंटा बघून माझ्यावरच उखडले, "हे माहेरचं खूळ ह्या घरात नको. मी नमाज पढून येईपर्यंत उचला."

माहेरी मी बाटलेली, इथे हिंदूंची पोर. मग मी आहे तरी कुठली?

ते गेल्यावर अम्मा वरवंटा उचलायला वाकल्या. दोन्ही हात वरवंट्याला लावले. नमाजाआधी हातपाय धुऊन वजू कसं करायचं, सजद्यात कपाळ टेकताना हात कुठे ठेवायचे, हे मला ह्याच हातांनी शिकवलं. दिरांनी नाही. मी इस्लाम घेतला तो ह्या बाईकडून, हळदीसकट.

त्यांचा हात धरला. म्हटलं, "राहू दे अम्मा. मी बोलते भाऊजींशी."

हे संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेलेत, म्हणजे बोलायचं मला एकटीलाच. बोलेन.

जिन्यात चपला वाजतायत. वरवंटा आता हलेल तो उद्या सकाळी, मसाला वाटायला.