चार आकडे

प्रिय शेल्बी,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर तू नुसतं हं-हं करतेस आणि मग विमानांच्या पडद्यासमोरची तुझी ड्यूटी सुरू होते, म्हणून लिहायला बसले. आठवीत शाळा सोडून तंबाखूच्या कोठारात पानं सोलायला गेलेली बाई मी, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हसलीस तरी मला कुठं दिसणार आहे म्हणा.

तुझा बाप बरा आहे. गुडघा दुखतो, पण तो दुखला नसता तर दुसरं काहीतरी दुखलं असतं. उडवायचा परवाना सरकारने काढून घेतल्यापासून रोज सकाळी मैदानावर जातो, विमान पुसतो आणि घरी येतो. उडवायचं नाही आणि पुसायचं मात्र रोज. पंखांचा रंग जाईल एक दिवस. शेजारच्या शेडमधला डेल त्याला विचारतो, ‘काय व्हर्नन, हेलिकॉप्टरवाल्यांना कॉफी तरी पाजलीस का?’ आणि हा हसतो. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याचे पैसे माझ्याकडून वसूल करतो.

खरं सांगू? मला तुमच्या त्या आभाळाचाच वीट आलाय. राजधानी सरकारवाल्यांची, पण आभाळ आमच्या डोक्यावरचं. आमच्या या एवढ्याशा धावपट्टीवरून उडायचं तर आधी चोरासारखे बोटांचे ठसे द्या. मग ते तुमच्या सात पिढ्या तपासणार. मग फोन करून कुठं जाणार ते कळवा. मग रेडिओवर चार आकडे मागा, ते विमानातल्या डब्यात भरा, म्हणजे तुम्हा कंट्रोलवाल्यांच्या पडद्यावर ठिपक्याशेजारी नाव दिसतं. आणि चाकं जमिनीला टेकेपर्यंत त्या डब्याला हात लावायचा नाही. एवढं सगळं कशासाठी, तर खाडीपलीकडच्या बहिणीकडून मक्याची कणसं आणायला! नियम का झाले ते मला कळत नाही असं नाही. विमानं इमारतींवर आदळवली त्या सप्टेंबरात नदीपलीकडचा धूर मीही पाहिलाय. पण कळतं म्हणून वैताग कमी होत नाही.

त्या जुलैतल्या दिवसाचं तुझ्या बापाचं म्हणणं तू कधी पुरतं ऐकलंच नाहीस, म्हणून सांगते. तो उडायला शिकला कॅरोलायनात, मामाजवळ, हे नियम जन्माला यायच्या आधी. तिकडची रीत अशी, की धावपट्टी दिसली, रेडिओवरच्या माणसाने ‘आता तुझं तू बघ’ म्हटलं, की डब्यावर बाराशे लावायचे. बाराशे म्हणजे कुणीही, कुठलाही. आपल्याकडे असं कधीच करायचं नाही, हे त्याला तुझ्याइतकंच पाठ आहे. त्या दिवशी दमला होता, मागच्या सीटवर कणसं घरंगळत होती, पट्टी समोर दिसली आणि हात आपोआप गेला. डोकं शिकतं गं, हात शिकत नाही. मीही अजून हात पुसायला कोठारातला, आता नसलेला एप्रन शोधते.

आणि तुझ्या पडद्यावर त्याचं नाव पुसलं गेलं. तू हाका मारल्यास, पण त्याने रेडिओ मैदानाच्या वाहिनीवर वळवला होता, त्याला ऐकूच आलं नाही. तू वरिष्ठांना सांगितलंस. तो उतरून कणसं काढत होता आणि डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं.

त्यानंतरच्या रविवारी टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून मी खेकडे ओतले आणि तुम्ही दोघांनी माझ्या खेकड्यांची माती केलीत. तो म्हणाला, ‘तिला ठाऊक होतं तो मीच आहे.’ तू म्हणालीस, ‘ठाऊक होतं म्हणूनच सांगितलं. पडद्यावर बाप नसतो, ठिपका असतो.’ तो खेकडे फोडायची हातोडी आपटून म्हणाला, ‘मग ठिपक्याच्या घरी जेवायला येत जाऊ नकोस.’ आणि तू शहाणी, खरंच आली नाहीस. वाहवा! मूर्खपणा एकाने बोलायचा आणि दुसऱ्याने पाळायचा.

तू बरोबर होतीस. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, दोनदा, आणि दोन्ही वेळा तो विमान पुसायला गेला. पण बरोबर असणं म्हणजे काय मोठा पराक्रम नाही. बरोबर असलेल्या माणसालाही आईच्या घराची पायरी चढता येते. तुमच्यापायी मी दर रविवारी तिघांचा स्वयंपाक करते आणि सोमवारी दोघं तेच शिळं खातो. सारण भरलेलं हॅम त्याला आवडत नाही. मी ते कुणासाठी करते?

आता मुद्द्याचं. परवाना परत आलाय. येत्या रविवारी सकाळी तो पहिल्यांदा उडणार. मोजा शोधल्याचं नाटक करत त्याने मला विचारलं, ‘शेल्बी रविवारी सकाळी असते का गं कामावर? असली तर मी दुपारी जाईन.’ मी म्हटलं, नसते, सुट्टी आहे तिची. ठाऊक नसताना ठोकून दिलं. तेव्हा तू रविवारी सकाळी त्या खुर्चीत बसलेली मला हवीस. कुणाशी ड्यूटी बदल, कुणाच्या पाया पड, माझं नाव सांगू नकोस. तो रेडिओवर आकडे मागेल. तुझा आवाज ऐकून गप्प होईल, तरी थांब. त्याला बाबा म्हणू नकोस, कसे आहात विचारू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस, नाहीतर तो विमान बंद करून घरी येईल. फक्त चार आकडे दे, परक्याला देतेस तसे. तुमचा नियम आहे ना, की दिलेलं वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, नाहीतर पुढं जाता येत नाही? त्या एका नियमावर माझा राग नाही. खेकड्यांच्या त्या रविवारपासून तुझ्या एका शब्दाला त्याने उत्तर दिलेलं नाही, रविवारी द्यावंच लागेल. एरवी तुम्ही लोक फार भराभरा बोलता. त्या दिवशी जरा सावकाश बोल.

तुझीच, दोघांनाही कंटाळलेली,
आई