तू वापस न घेतलेला वाफा

माय,

आज मी माझ्याच रोपवाटिकेतून पळून शिरपूरला धाकटीच्या घरी येऊन बसले आहे. "काहून आली व बाई, सगळं बरं हाय ना?" असं तिनं विचारून झालं, तिच्या नवऱ्यानंही विचारून झालं. बरंच आहे सगळं. घरी थांबले असते तर तोंड उघडलं असतं, म्हणून सकाळची एसटी धरली. आता बहीण स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे आणि मी पुढच्या खोलीत तुला लिहीत बसले आहे.

तुझी नात पुण्याची नोकरी सोडून आली आहे. तू तिला पाहिलंच नाहीस. तोंडवळा थेट तुझा आणि हट्टही तुझाच. आल्या आल्या म्हणाली, "आई, शेडनेटचा एक कोपरा मले दे." वाशीमच्या फ्लॅटमधल्या लोकांना मेथी आणि सांबार, तिच्या पुण्याच्या भाषेत कोथिंबीर, कुंडीत लावून विकायचा, त्यांनी तो ताजा खुडून भाजीत टाकायचा, असं तिच्या डोक्यात आहे. मी कोपरा दिला. काल पाहते तर बाई घमेल्यांनी शेतातली काळी माती आणून कुंड्यांत ठासून भरते आहे. म्हणे, "आपल्या मातीतली भाजी म्हटलं की लोक घेतील." माय, रेती न मिसळता काळी माती कुंडीत भरली की चार पाण्यांत तिची वीट होते, हे तुला काय सांगायचं. ओठावर आलेले शब्द गिळता गिळता मला ठसका लागला. सांगून टाकलं असतं तर कुंड्या वाचल्या असत्या. पण मग ती उद्याही मला विचारणार, परवाही विचारणार, तो धंदा माझा होणार आणि कंटाळून ही पुन्हा पुण्याची गाडी पकडणार. एवढं मला कळतं, आणि ते तुझ्यामुळेच कळतं.

रिसोडच्या बाजारात तुझ्याजवळ वांग्यांच्या ढिगामागे मी पाय दुमडून बसायची. उन्हाळ्यात जी बाई यायची ती आधी विचारायची, "सांबार हाय काय?" नाही म्हटलं की पुढे जायची, वांगीही तिकडूनच घ्यायची. मला त्याचा भारी राग यायचा. एकदा घरी येताना मी म्हणाले, "आपुन उन्हाळ्यात सांबार काहून नाई लावत?" यावर हसणं सोपं होतं. काका तर हसलेच. तू मात्र दुसऱ्या दिवशी विहिरीजवळचा, सगळ्यांत सुपीक वाफा दाखवलास. "हा तुहा. काय लावाचं ते लाव." काका म्हणाले, "पोरीले वाफा देऊन राह्यली, डोकं फिरलं काय तुहं?" तू खुरपं उचललंस आणि मिरचीत जाऊन बसलीस.

मी अख्खे धणे पेरले. हिवाळ्यात तू ते चपलेखाली रगडून, दोन फोडी करून पेरतेस, हे मी जन्मभर पाहत होते आणि मला वाटायचं, तू त्यांचा कचरा काढतेस. वरून सावली नाही, ऊन असं की हांडा तापायचा. कुठे दोन पानं, कुठे काहीच नाही, आणि जे उगवलं ते दुपारच्या उन्हात करपलं. मी शेताच्या धुऱ्यावर बसून रडले आणि म्हणाले, "घे तुहा वाफा वापस." तेव्हा तू जे बोललीस ते माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे. "रडाचं असन तं रड. पण वाफा मी वापस नाई घेत." पाठ फिरवून निघून गेलीस. किती कठोर वाटली होतीस तेव्हा.

त्या वाफ्यात कांदा लावू, असं काका पावसाळाभर म्हणत राहिले. तू तो रिकामा ठेवलास. विहिरीजवळचा वाफा रिकामा ठेवायचा म्हणजे काय, हे आज माझ्या हाताखाली बायका कामाला आहेत तेव्हा समजतं. मी रोज त्याच्या बाजूनं जायची आणि रोज मला तो दिसायचा. शेवटी हिवाळ्यात तुझ्या चपलेकडे नीट लक्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात धणे रगडले, सावलीसाठी तुराट्यांचा मांडव घातला, आणि जुड्या घेऊन बाजारात बसले तेव्हा दुपारच्या आत टोपलं रिकामं झालं. तू शेजारी वांगी विकत होतीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस, पण घरी जाताना टोपलं तू घेतलंस.

कितीतरी वर्षं मी समजत होते की मी अख्खे धणे पेरले तेव्हा तुझं लक्षच नव्हतं. तुझ्या तेराव्याला शेजारच्या शेतातल्या काकूनं सांगितलं, "मी तुले सांगालेच निघाली होती, धणे फोड म्हून. तुह्या मायनं माहा हात धरला." तू गेलीस त्या दिवसापेक्षाही त्या दिवशी जास्त रडले मी.

मागे वाशीमला बायकांच्या प्रशिक्षणात मला बोलायला उभं केलं. माणूस स्वतःचा धंदा सुरू करतो तो कशानं, असा विषय. सरांनी फळ्यावर धाडस, जिद्द, संधी असं लिहून ठेवलं होतं. मी म्हणाले, सर, धाडस नव्हतं हो माझ्यात, मी तर वापस द्यायला निघाले होते. आमच्या मायनं घेतलंच नाही. बायका हसल्या. सरही हसले. मी खाली बसले. तुझे उपकार म्हणायला गेलं तर तूच रागावशील, पण उपकारच आहेत, माय.

आत्ता लिहितानाच पोरीचा फोन आला. "आई, कुंड्यांत पाणी मुरूनच नाई राह्यलं. वरतेच साचून हाय."

"मंग काय करशीन?" मी विचारलं. तिनं कुंडी ठोकून पाहिल्याचा आवाज फोनमधून आला. मग म्हणाली, "थांब, एक कुंडी उलटी करून पायतो."

हे पत्र कुठे टाकणार, घडी घालून पिशवीत ठेवते. पण तुझ्यापासून काय लपवायचं? फोन ठेवता ठेवता माझ्या तोंडून "रेती" एवढा शब्द गेलाच. माझा हात धरायला इथे कोणी नव्हतं.