अस्तर आटलं होतं

मुलुंड,
२४ ऑगस्ट १९८६

ती. आक्कास,

शेवंतीचा नमस्कार. इकडे सगळी खुशाल. भावोजी, प्रेमा, जावईबापू मजेत असतील. यांची दुसरी पाळी चालू आहे. माझ्याकडे गणपतीच्या ब्लाउजांची ही घाई! मशीनला उसंत नाही.

माझ्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. रागावलीस, बरोबरच आहे. सख्ख्या भाचीच्या लग्नाला मावशीचा पत्ता नाही म्हणजे काय! शाळेचे गणवेश शिवायचे होते असं कळवलं, ती शुद्ध थाप होती गं.

आता ऐक, आणि आधी खाली बस.

गेल्या वर्षी कॅन्सरपायी डावी छाती काढून आत सिलिकॉनची पिशवी बसवली, तेव्हा तू महिनाभर माझी उस्तवार केलीस. होळीनंतर ती बाजू कडक व्हायला लागली. आधी कच्च्या पेरूसारखी, मग पार दगड. वरही सरकली. हात खांद्याच्या वर जाईना. म्हटलं झालं, मेला आजार परतला. कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. शिंपीण ना मी! ब्लाउज उसवायचा, डावा टक्स वर घ्यायचा, पुन्हा शिवायचा. तीन ब्लाउज असे बदलले, कुणाला कळू दिलं नाही. प्रेमाच्या लग्नघरात मरणाची बातमी घेऊन कशाला यायचं, म्हणून आले नाही आक्का. खूप रडले त्या दिवशी.

जूनमध्ये यांनीच पकडलं. दोरीवर कपडे टाकायला मी स्टुलावर चढले होते. "हात का उचलत नाहीस?" एवढंच विचारलं, आणि माझा बांध फुटला. दुसऱ्या दिवशी इस्पितळात.

डॉक्टरीणबाईंनी दाबून बघितलं. म्हणाल्या, "परकी वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती आवरण तयार करतं. सगळ्यांच्यात होतं. तुमचं आवरण आखडलंय आणि पिशवीला आवळतंय. कॅन्सर वाटत नाही, पण तपासून खात्री करू."

मी ताडकन म्हटलं, "म्हणजे अस्तर आटलं!"

त्या बघतच राहिल्या. मग मीच त्यांना शिकवलं. कोरं अस्तर न भिजवता लावलं की पहिल्या धुण्यात आटतं, वरचं कापड ओढून धरतं. कापड बिचारं चांगलंच असतं. त्या अशा हसल्या! "पुढच्या बाईला मी असंच सांगणार," म्हणाल्या.

जुलैत ते आवरण उसवून सैल केलं. तुकडा तपासायला गेला. कॅन्सर नाही! आक्का, नाही! यांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. कशाचे विचारलं की नुसते लाजायचे.

पुन्हा आखडू शकतं, हेही बाईंनी सांगितलंय. आखडलं तर पुन्हा उसवू. उसवायला घाबरेल ती शिंपीण कसली? पण लपवणार नाही आता, तुझी शपथ.

आज सकाळी वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा मी स्टुलाशिवाय काढला, आणि उगीच परत ठेवून पुन्हा काढला.

गौरीला येतेय. दारात तोंड फिरवलंस तरी चालेल. पण फुगडीला मी तुझ्याचसमोर उभी राहणार. तुझे दोन्ही हात तयार ठेव, माझे आहेत.

थापाडी, पण धडधाकट,
तुझी शेवंती