माझ्या आवाजातली बाई

३ मार्च

चि. खोडरबरास,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोन सोडून पत्र का, ते आधी सांगते.

खालच्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांना परवा नगरपालिकेचा फोन आला. दुकानाचा परवाना रद्द झालाय, महिन्याभरात जागा रिकामी करा. फोनवर मी होते. म्हणजे मी वर भाजी निवडत बसले होते आणि खाली त्यांच्या कानात मीच बोलत होते. मास्तर तिला विनवत राहिले, की ताई, एवढ्या वर्षांची ओळख, निदान कारण तरी सांगा. ती म्हणाली, की आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. मग ते जिना चढून वर आले आणि तेच सगळं मला विचारू लागले. मी काही केलेलं नाही म्हटलं, तर म्हणाले, की ‘धन्यवाद’मधला शेवटचा ‘द’ तुमच्यासारखा दुसरं कोणी म्हणत नाही. हे मात्र खरं आहे.

झालंय असं, की बसस्थानकावर मी जन्मभर गाड्यांच्या वेळा सांगितल्या, त्या सगळ्याचं रेकॉर्डिंग आमच्या साहेबांनी एका कंपनीला देऊन टाकलं. कंपनीनं यंत्राला माझ्यासारखं बोलायला शिकवलं आणि ते सरकारी कचेऱ्यांना विकलं. आता स्थानकावर गाड्या तीच सांगते, पाणी बंद असल्याचं तीच कळवते, आणि लोकांना घरादारातून काढण्याचं कामही तिच्याकडेच आलंय. निवृत्तीनंतर माझी इतकी बढती होईल असं वाटलं नव्हतं.

मास्तरांनी आमचे पडदे न शिवताच परत पाठवले. जिन्यात भेटणाऱ्या बायका माझ्याशी जपून बोलतात. तुझे भावोजी म्हणतात, की फोनवर तू कोणती आणि ती कोणती हे मला कळत नाही, दोघी सारख्याच हुकूम सोडता. म्हणून पत्र. अक्षर तरी अजून माझंच आहे.

लहानपणी सगळ्या घराची खोडरबरं संपवलीस, आता कायदा खात्यात बसून लोकांची वाक्यं खोडतोस. तिथे म्हणे यंत्रांना वेसण घालायचा कायदा लिहिताहेत. त्यात माणसाच्या आवाजाचं काही आहे का?

लोभ करायचा तो माझ्यावर कर, तिच्यावर नको.
तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आवाजाचं आहे. सातवं कलम, आणि त्याचा पहिला मसुदा मीच लिहिला होता. कोणाचा आवाज यंत्रानं वापरायचा तर त्याची संमती घ्यावी, आणि माणसाचं नुकसान करणारा निर्णय कळवताना उत्तर द्यायला पलीकडे माणूस असावा. मग कंपन्यांची माणसं येऊन बसली, चहा झाला, आणि दोन्ही वाक्यांत ‘शक्यतो’ हा शब्द आला. शक्यतो संमती घ्यावी. शक्यतो माणूस असावा.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी विभागप्रमुख बाईंना सांगितलं, की या कलमात माझ्या सख्ख्या बहिणीचा संबंध येतो. त्यांनी विचारलं, की तुम्हाला नेमकी आत्ताच बहीण असायची गरज होती का. मग ते कलम माझ्याकडून काढून घेतलं. आता ‘यंत्र’ म्हणजे काय, ही व्याख्या माझ्याकडे आहे. सध्याच्या मसुद्यानुसार कपडे धुण्याचं मशीनही तिच्यात बसतं.

त्यामुळे तुझी बाजू मला मांडता येणार नाही. सातव्या कलमावर समितीसमोर लोकांची सुनावणी आहे, त्या दिवशी मला खोलीतही पाऊल टाकायचं नाही. पण तुला बोलता येईल. नाव फोनवर नोंदवायचं, नंबर सोबत देतो. मास्तरांना सांग, की नगरपालिकेकडे लेखी हरकत घ्या, तिचा निकाल लागेपर्यंत दुकानाला हात लावता येत नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा


१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या नंबरावर फोन केला. तिनंच उचलला.

तिनं माझं नाव विचारलं, मी सांगितलं. मग आवाजाची पडताळणी सुरू आहे म्हणाली, आणि थोड्या वेळानं सांगितलं, की आपला आवाज आमच्या यंत्राच्या आवाजाशी जुळतो, तेव्हा कृपया नक्कल वापरू नका, स्वतः बोला. मी म्हटलं, की बाई गं, मी स्वतःच बोलतेय. तिनं तेच पुन्हा ऐकवलं. मी खोकले. खोकल्याबद्दल तिनं धन्यवाद दिले आणि फोन ठेवला.

तुझ्या भावोजींनी नाक दाबून माझ्या नावानं फोन केला, तर त्यांची नोंदणी एका झटक्यात झाली. खोटेपणा नको म्हणून मी त्यांना ती रद्द करायला लावली. रद्द करायला तिनं फार आढेवेढे घेतले.

मला आधी हसू आलं. मग नाही आलं. मास्तर चिडले तेव्हा निदान मला एवढं माहीत होतं, की मी वेगळी आणि ती वेगळी. इथे माझ्याच तोंडच्या गोड आवाजात मला सांगितलं गेलं, की तू म्हणजे तू नाहीसच. फोन ठेवल्यावर कोणाशी बोलावंसंच वाटेना. भावोजींना वाटलं मी रुसले. नंतर ते न विचारता भाजी आणायला गेले, म्हणजे घाबरलेच असावेत.

आता नाव कसं नोंदवायचं ते कळव. मास्तरांनी हरकत दिली आहे. कागद माझ्याकडून तपासून घेतला, पण बसा म्हणाले नाहीत.

तुझी ताई, जी आहे ती


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

घाईत आहे. तू इकडे ये. तळमजल्यावर नोंदणीची खिडकी आहे आणि तिच्यामागे हाडामांसाचा कारकून आहे, मी जाऊन बघून आलो. ओळखपत्र आण. आमच्याकडेच उतर. तुझी वहिनी म्हणते, की फोनवर येते म्हणू नका, दारात आलात की मगच विश्वास ठेवीन.

तुझा धाकटा


६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सुनावणी संपल्यावर गाडी गाठायची होती, म्हणून तुला धड काही सांगता आलं नाही. तू कॉरिडॉरमध्ये बाकावर बसला होतास, तोंड अगदी परीक्षेच्या निकालाच्या दिवसासारखं होतं.

कंपनीचा माणूस वागायला चांगला होता, मला खुर्ची त्यानंच दिली. मग उभा राहून म्हणाला, की बाईंनी पगार घेऊन त्या सूचना सांगितल्या, तेव्हा तो आवाज त्यांचा राहिलाच नाही. मी म्हटलं, की पगार गाड्या सांगायचा होता. लोकांना बाहेर काढायचं काम मला तेव्हा दिलं असतं, तर मी त्याच दिवशी राजीनामा दिला असता. तिला राजीनामा देता येत नाही, म्हणून तर ते काम तिला दिलंय.

इथवर ठीक चाललं होतं. मग एक पियानो जुळवणारे गृहस्थ उठले. त्यांना दिसत नाही. ते माझ्या विरुद्ध बोलायला आले होते. म्हणाले, की आमच्या स्थानकावर एवढे फलाट, एवढा गोंगाट, त्यात हा एकच आवाज मला वेगळा काढता येतो, त्याच्या मागे मागे मी माझी गाडी गाठतो, कृपा करून तो बंद करू नका. मी तर तिचं तोंड कायमचं बंद करायला आले होते. मग ते माझ्या दिशेनं वळले आणि त्यांनी विचारलं, की बाई, मी तो ऐकत राहिलो तर तुमची हरकत आहे का.

अरे, या सगळ्या भानगडीत मला विचारणारा हा पहिला माणूस. मी तिथल्या तिथे सांगितलं, खुशाल ऐका. आणि समितीला सांगितलं, की माझं म्हणणं एवढंच आहे, यांनी विचारलं, मी दिलं. नोटिशींसाठी कोणी विचारलं नाही, आणि विचारलं तर मी देणार नाही.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, की ‘शक्यतो’ या शब्दाबद्दल आपलं काय मत. मी सांगितलं, की ज्या गाडीबद्दल ‘शक्यतो सुटेल’ असं वरून लिहून यायचं, ती आमच्या स्थानकातून कधीच सुटली नाही. कोणी हसलं नाही. एका बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

वहिनीला आणि भाचीला आशीर्वाद. बाकावर फार वेळ बसत जाऊ नकोस, तुझी पाठ धरते.
तुझी ताई


२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कायदा झाला. पहिल्या वाक्यातला ‘शक्यतो’ गेला. प्रत्येक नव्या कामासाठी नव्यानं विचारायचं, आणि दिलेली संमती कधीही परत घेता येईल. अनेकांच्या आवाजाचे तुकडे जोडून नवा आवाज बनवला, तर त्या सगळ्यांना विचारायचं. माझी व्याख्याही मंजूर झाली, कपडे धुण्याचं मशीन सुटलं.

पण दुसऱ्या वाक्यातला ‘शक्यतो’ राहिला. म्हणजे मास्तरांसारख्याला असा निर्णय कळवताना उत्तर देणारा माणूस ठेवायचं बंधन नाही. मी विभागप्रमुख बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, की दोनपैकी एक ‘शक्यतो’ निघाला, आपल्या खात्यात याला विजय म्हणतात. मला तसं वाटत नाही. मास्तरांना काय तोंड दाखवू?

लोभ असो, आहे त्यापेक्षा थोडा जास्त.
तुझा धाकटा


२८ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तोंड पाडू नकोस, पुढचं ऐक.

कंपनीची मुलगी माझ्याकडे विचारायला आली. गाड्यांना मी हो म्हटलं, पाणी बंदला हो म्हटलं, नोटिशींना नाही. मग ती दुसऱ्यांकडे गेली. शाळेतल्या निवृत्त बाई नाही म्हणाल्या, नाटकात काम करणारे एक आहेत ते नाही म्हणाले, तुकडे जोडायला विचारलं तेव्हाही माणसं नाहीच म्हणाली. लोकांना बाहेर काढायला आपला आवाज द्यायला गावभर एकही माणूस तयार होईना. शेवटी नगरपालिकेनं ते फोन करायला आपल्याच एका कारकुनाला बसवलं.

मास्तरांची हरकत इतके दिवस तशीच पडून होती. ती न बघताच परवा त्यांना शेवटची सूचना द्यायला त्या कारकुनाचा फोन आला. मास्तरांनी पुन्हा कारण विचारलं. मग तो फोन चालूच ठेवून कागद काढायला गेला. परवाना रद्द झाला होता तो मागच्या गल्लीतल्या दुकानाचा, आणि ते तर कधीच बंद पडलंय.

मास्तर आज वर आले, बसले, चहा घेतला. सांगत होते, की कारकुनाचा आवाज घोगरा आहे, शब्द अडखळतात, निम्मं बोलणं कळतही नाही. पण ‘थांबा, बघून सांगतो’ एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

तुझी ताई