मानमोडीच्या साली लागलेली नोकरी

२ सप्टेंबर १९१८, सोमवार. सकाळी.
ठरलं. या महिन्यात नोकरी धरायची.
वय चौतीस. नर्सिंगची परीक्षा पास होऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षांत जयाबाईला जागा मिळाली नाही, असं आमच्या अनगोळ गावात लोक म्हणतात. चूक. माझ्या योग्यतेची जागा निघाली नाही. दोन ठिकाणांहून बोलावणी आली होती, पण एकदा पाऊस फार होता आणि एकदा आमच्या बैलाच्या खुराला लागलं होतं. अशा वेळी शिकलेल्या माणसाने घर सोडणं बरं नव्हे.
संकल्प: रोज एक तास जुन्या वह्या वाचणे. रोज बँडेजचा सराव. वैनीशी वाद न घालणे.

त्याच दिवशी, दुपारी.
वह्या सापडल्या. कसरीने शरीरातली निम्मी हाडं खाल्ली आहेत. उरलेली पाठ आहेत.
वैनीशी वाद झाला.

५ सप्टेंबर, गुरुवार.
वैनीच्या मनगटावर बँडेज बांधलं. उत्तम जमलं. ती म्हणाली, ‘वन्सं, सोडा की वो हात, भाकरी करपाय लागली.’ शास्त्राची कदर नाही.
अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ मारुतीराव, बेळगाव स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून. तो सांगत होता की पुण्याकडच्या गाडीतून दोन शिपाई उचलून उतरवले. डोळे लाल, अंगाची भट्टी. मी म्हटलं, प्रवासाची दगदग. अण्णाने टोपी खुंटीला अडकवली. मला दहाव्या वर्षी विधवापण आलं तेव्हा मिशनच्या शाळेत मला यानेच घातलं, पुढे नर्सिंगलाही धाडलं. आठ महिने गावात कुणी आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. त्याला नोकरीची बातमी द्यायची आहे, एवढंच.

११ सप्टेंबर, बुधवार.
कॅम्पातल्या मिशनच्या इस्पितळात इंटरव्ह्यू. मेट्रनबाई इंग्रज. मराठी बोलतात, पण प्रत्येक शब्द चावून. त्यांनी विचारलं, बारा वर्षांत किती रोगी पाहिले? मी सांगितलं, घरात नऊ माणसं आहेत. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं.
मग मला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. एका गाडीवानाचा पाय होता. पट्टी सोडली. मी लगेच खिडकीकडे गेले, कारण खोलीत हवा कोंडली होती आणि नर्सने आधी हवेकडे पाहावं. खिडकीपाशी थोडी बसले. थोडी आडवी झाले. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. चक्कर नव्हे, पित्त.
मेट्रनबाई म्हणाल्या, सध्या जागा नाही. माझ्यासारखी अनुभवी बाई हाताखाली घ्यायला त्या बिचकल्या असाव्यात.

१८ सप्टेंबर, बुधवार.
निपाणीहून पत्र! तंबाखूचे मोठे व्यापारी. त्यांचा माल अण्णाच्या धक्क्यावरून जातो. पत्नीला सक्त ताप, घरी राहणारी नर्स पाहिजे, ताबडतोब यावं. ‘ताबडतोब’ची लगेच तामिली करू नये, माणसाची किंमत राहत नाही. शनिवारी निघेन असं कळवलं. वैनी म्हणाली, ‘ताप शनवारपातूर थांबतोय व्हय?’

२० सप्टेंबर, शुक्रवार.
ट्रंक भरून तयार. दुपारी तार: येऊ नये. एवढे दोनच शब्द. कारण नाही, दिलगिरी नाही. दुसरी कुणी तरी वशिल्याने घेतली असणार.

संध्याकाळी.
अण्णाने खुलासा केला. ‘ती बाई गेली, जया. मागनं सासू गेली. आता मालक सोताच पडलाय.’ मी म्हटलं, मग रोगी आहे की अजून. अण्णा ताटावरून हात धुवायला उठला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार.
गुंजी स्टेशनच्या, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनने सकाळी गाडी पास केली आणि दिवस मावळायच्या आत तो याच तापाने गेला. आता स्टेशनमास्तर स्वतः निशाण दाखवतो. माझं मत: गुंजीला रान फार, हवा दमट. बेळगावची हवा कोरडी. यंदा तर पावसानेही दगा दिला, म्हणजे आणखीच कोरडी. इकडे काळजी नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार.
ताप इकडे आला. लोक ‘मानमोडी’ म्हणतात. अडाणी नाव. ताप चढतो, मान-पाठ मोडून येते, माणूस निळं पडतं. आमच्या ओळीत सात दारांना आतून कडी. शाळा बंद. कॅम्पातल्या चर्चची घंटा आज इतक्यांदा वाजली की मी मोजायचं सोडलं.
शेजारच्या राजाबाईंनी मला बोलावलं. अनगोळात मला नर्स म्हणून बोलावणारं हे पहिलंच घर. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि साधी सर्दी आहे म्हणून सांगितलं. सुंठ दिली. त्यांनी हात जोडले. फार बरं वाटलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार.
राजाबाई गेल्या.
ताक प्याल्या असणार. घरात ताक नव्हतंच असं त्यांचे यजमान म्हणतात. नीट पाहिलं नसेल.

७ ऑक्टोबर, सोमवार.
वैनीला ताप. हीट एकशे तीन. अण्णा घाबरला आहे. मी अजिबात नाही. चार्ट आखला आहे: दर दोन तासांनी हीट, नाडी, श्वास. लाल पेन्सिल हीटसाठी, निळी नाडीसाठी. असा चार्ट इस्पितळातसुद्धा निघत नसेल.

८ ऑक्टोबर, मंगळवार.
वैनीच्या नाकातून रक्त. पुष्कळ. उशी, लुगडं, सगळं.
मी अंगणात गेले. रोग्याच्या खोलीत गर्दी नको. तुळशीपाशी बसले. आत अण्णा एकटाच तिला धरून होता, हाका ऐकू येत होत्या. मला, बहुधा. पाय जड झाले होते, आदल्या दिवशीच्या जागरणाने.
आत गेले तेव्हा सगळं पुसून झालं होतं. वैनी हळू म्हणाली, ‘वन्सं, तुमाला भ्या वाटतंय. पयल्यापास्नं. म्हून न्हाय गेलासा कुटं. मला ठावं हाय, मी कुनाला न्हाय सांगितलं.’
तापात माणूस काहीही बरळतं.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने.
चार्ट पाहिला. ती हे बोलली तेव्हा हीट नव्व्याण्णव होती. मीच मोजून मांडली होती. लाल पेन्सिलीने.

१२ ऑक्टोबर, शनिवार.
वैनी उठून बसली. पेज घेतली. माझ्या देखरेखीखालची पहिली केस, आणि बरी झाली. अण्णाने पाच दिवस पाठ टेकली नाही, त्याचीही थोडी मदत झाली.

१४ ऑक्टोबर, सोमवार. दसरा.
सोनं द्यायला कुणी आलं नाही. सीमोल्लंघनाच्या वाटेवरून दिवसभर तिरड्या गेल्या. लाकडं मिळत नाहीत म्हणून लोक पुरायला लागलेत, अण्णा सांगत होता.
दुपारी इस्पितळाचा शिपाई. चिठ्ठी: ‘असाल तशा निघा.’ म्हणजे मेट्रनबाईंना चूक कळली! मी शिपायाला ओसरीवर बसवून ठेवलं, ट्रंकेतून पांढरं लुगडं काढलं, अटी मनात जुळवल्या. ज्युनियरची जागा घेणार नाही. ड्रेसिंगची ड्युटी नको, देखरेखीची हवी. अण्णा वेशीपर्यंत आला. काहीतरी बोलेल असं वाटलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे वळला. जाऊ नकोस म्हणाला असता तर मी राहिले असते. तो म्हणाला नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.
मेट्रनबाई शनिवारी वारल्या. चार नर्सांपैकी दोघी गेल्या, एक अंथरुणावर, एक गावी पळाली. अटी कुणाला सांगायच्या?
डॉक्टर व्हरांड्यात उभ्यानेच चहा पीत होते. माझे कागद त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, उभी राहू शकतेस? मग आत जा.
आत खाटा संपून चटया, चटया संपून नुसती फरशी. निळे ओठ, निळी नखं. एकजण हसल्यासारखा दिसला, तो गेलेला होता. माझ्या हातात कुणीतरी बादली दिली. ती घेऊन मी मागच्या दाराने विहिरीवर गेले ती तिथेच बसून राहिले.
तिथे अंबुबाई आली. इथली झाडूवाली. पन्नाशीची, काटकुळी. मला वाटलं रागावणार. ती काठावर बसली, पान काढलं, म्हणाली, ‘मी बी पळालतो पयल्या दिशी. खानापूरच्या गाडीत बसलो बी हुतो. मग उतरलो.’ का उतरलीस, मी विचारलं. म्हणाली, ‘काय की. पानी मागतेत ना ती.’
मी तिला सांगितलं, मी पळालेली नाही, बादली भरायला आले. ती बरं म्हणाली. बादली तिनेच भरली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.
वेळ नाही. अंबुबाई माझ्या हाताखाली आहे. म्हणजे ती सांगते, मी करते, पण सर्टिफिकेट माझ्याकडे आहे.
खानापूरकडचा रवळू म्हणून शेतकरी. श्वास घोरल्यासारखा. डॉक्टर त्याच्यापाशी थांबतसुद्धा नाहीत. अंबुबाई त्याच्या पाठीला पाठ लावून बसते, म्हणजे तो आडवा पडत नाही, श्वास लागत नाही. चिंधी भिजवून ओठांवर पिळते. मी सांगितलं, हे पुस्तकात नाही आणि याचा उपयोग नाही, मी अनुभवाने सांगते. ‘कशाच्या?’ असं तिने विचारलं नाही. चांगली बाई आहे.

२० ऑक्टोबर, रविवार.
रवळूने पेज मागितली! माझ्या वॉर्डातली केस.
आणि डॉक्टर आज मला ‘हेड नर्स’ म्हणाले. सहाव्या दिवशी बढती! वैनीला चिठ्ठी धाडली. (दुसरी नर्स नाही हे लिहिलं नाही. जागा पुरली नाही.)
अंबुबाई खोकते आहे. झाडूची धूळ. बसू का थोडी, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, पश्चिमेकडची ओळ तेवढी पुसून घे, मग बस. तिने पुसली.

२१ ऑक्टोबर, सोमवार.
धूळ नव्हती.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी.
अंबुबाईला खाट मिळाली नाही. कोपऱ्यात चटई. मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले. नाकातून रक्त आलं. पुसलं. परत आलं. परत पुसलं. आजूबाजूचे पाणी मागत होते. ती म्हणाली, ‘जावा, देऊन या.’ देऊन आले. असं किती वेळा.

दुपारी.
देऊन आले तेव्हा ती आडवी झालेली होती.

२४ ऑक्टोबर, गुरुवार.
नव्या केसेस आज कमी. डॉक्टर म्हणतात, ओसरतंय.
रवळूला घरी सोडलं. काठी टेकत दारापर्यंत गेला आणि परत आला. मला म्हणाला, ‘बाई, माझ्या पाठीला पाठ लावून बसलती ती नर्सबाई कुटं हाय? तोंड काय दिसलं न्हाय. पाय धरून जातो.’
मी त्याला सांगितलं, त्या नर्सबाई परवा वारल्या.
त्याने वाकून उंबऱ्याला हात लावला. मग विचारलं, ‘आनि तुमी कोन?’
मी म्हटलं, मी नवीन लागलेय.