डेलचा सामना आणि माझी बातमी

कार्व्हर्सबर्ग, ओहायो
बुधवार

प्रिय मिल्ड्रेडताईस,

धाकट्या भावाचा, ऑर्व्हिलचा, नमस्कार. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत तुझा दमा आटोक्यात आहे असं एडनाकडून कळलं (तुझी पत्रं तीच फोडते, पाकिटावर नवऱ्याचं नाव असलं तरी). औषध वेळेवर घेत जा आणि शेजारणीच्या मांजराला घरात घेऊ नकोस. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे एडना ठीक आहे. मी सोमवारपासून चपला-बुटांच्या माझ्याच दुकानात मागच्या दाराने ये-जा करतोय, आणि ते का, हे तुला गावातल्या दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

आपल्या गावच्या ‘कुरियर’ पेपरात बेसबॉलवर लिहिणारा हॉलिस पेनिंग्टन आणि मी, आमचं हाडवैर तुला ठाऊक आहे. (त्याला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. रस्त्यात भेटला की हॅट उचलतो.) सामना संपल्यावर माणसाला काय हवं असतं? कोण जिंकलं, किती धावांनी जिंकलं आणि माती कुणी खाल्ली. पेनिंग्टन सुरुवात करतो आकाशापासून. पश्चिमेला म्हणे कापसाचे पुंजके रेंगाळत होते. अरे बाबा, मीही तिथेच बसलो होतो, माझ्याही डोक्यावर आकाशच होतं! मग पिचरच्या आजोबांचं शेत, मग मैदानावर ऑर्गन वाजवणाऱ्या मिसेस टटलची नवी टोपी. चेंडूला चेंडू म्हणायची त्याला लाज वाटते. एकदा तर त्याने ‘कातड्यात शिवलेला चंद्र’ म्हटलं होतं. हरलेल्या पोराला गाठून विचारणार, कसं वाटतंय? कसं वाटणार, लग्नाच्या वरातीत बसल्यासारखं? आणि मॅनेजरची चूक याला कळते ती नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्ता झाल्यावर. धावांचा तक्ता शोधायचा तर पानाच्या तळाशी, कंबरपट्ट्याच्या जाहिरातीखाली. हे सगळं मी दर आठवड्याला संपादकाला लिहून कळवत होतो. लोकशाहीत तेवढं केलंच पाहिजे.

तर गेल्या आठवड्यात संपादक बर्ट क्लिंगर टाच बसवून घ्यायला दुकानात आला. दुकानात चांगली गर्दी होती. (त्याने ती बघूनच वेळ साधली असं एडनाचं मत आहे.) मोठ्या आवाजात म्हणाला, “ऑर्व्हिल, रविवारी पेनिंग्टनच्या मुलीचं लग्न आहे. सामन्याची बातमी तू लिही. बघू दे तरी गावाला, कशी लिहायची असते ती!” सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता शेपूट घालणार कशी? मीही आवाज चढवला, की लिहितो, आणि ढगाचा ढ सुद्धा येऊ देत नाही.

रविवारी आमच्या पिकलर्स संघाचा पिचर होता तुझा डेल. ताई, तू त्याला मागे लिहिलं होतंस, की इतकी वर्षं चेंडू फेकून हाती काय लागलं, आता पुरे कर आणि कुठेतरी नोकरीला लाग. ते पत्र त्याने मला वाचून दाखवलं होतं. रागावला नाही. “बघू, मामा,” एवढंच म्हणाला. खांदा गेलाय त्याचा, हा शेवटचा मोसम आहे, आणि सप्टेंबरात तो इथल्याच लोणच्याच्या कारखान्यात लागणार आहे, हे त्यालाही माहीत आहे. पण त्याआधी तुला पाठवण्याजोगं एखादं कात्रण हवं, असं पोराच्या मनात होतं. ते छापून आणणं माझ्या हातात होतं, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

बातमी द्यायची रीत अशी, की स्टँडच्या छपरावरच्या लाकडी खोपटात बसायचं आणि डाव संपेल तसं टेलिफोनवर सांगत जायचं. कचेरीत ओपल नावाची मुलगी ते टाइप करत जाते. पहिले तीन डाव मी असे सांगितले, की पेनिंग्टनने पाय धुऊन पाणी प्यावं. अमका बाद, तमका बाद, आमची एक धाव. चौथ्या डावानंतर माझी नजर फलकावर गेली आणि मी टेलिफोनवर हात ठेवला. समोरच्या फेअरहोपवाल्यांच्या हिट्सच्या घरात शून्य.

तू त्याची आई असून तुला हा खेळ कधी कळला नाही, म्हणून सांगतो. पिचरने सगळा सामना एकट्याने चेंडू टाकले आणि समोरच्या एकाही फलंदाजाला एकही हिट (म्हणजे चेंडू टोलवून बाद न होता पुढे पळणं) मिळू दिला नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात. चांगल्या चांगल्या पिचरांच्या उभ्या आयुष्यात तो एकदाही येत नाही. आणि तो चालू असताना कुणी त्याचं नाव काढायचं नाही. काढलं की गेला! ही अंधश्रद्धा नव्हे, अनुभव आहे. (मागे लुट्झ न्हाव्याने तोंडातून शब्द काढला आणि पुढचाच चेंडू कुंपणापार गेला. तेव्हापासून अर्धं गाव घरीच दाढी करतं.) पाचव्या डावापासून सगळं मैदान चिडीचूप. डेल बाकावर बसला की त्याच्या दोन्ही बाजूंची पोरं उठून जायची. शेंगदाणेवाला सुद्धा खुणांनी शेंगदाणे विकत होता.

आणि इकडे टेलिफोनवर ओपल विचारते, “फेअरहोपचे हिट्स किती झाले, मिस्टर होकिन्स?”

मी म्हटलं, “पोरी, देवाला घाबर.”

“मग मी लिहू काय? पान रिकामं पडलंय!”

ताई, तू असतीस तर काय केलं असतंस? सामन्यात सांगण्याजोगी एकच गोष्ट होती आणि तीच सांगायची सोय नव्हती. कोण कसा बाद झाला ते सांगावं, तर त्यातूनही ते उघड होणार. मी वर बघितलं. वर एक ढग होता. तसा बरा होता. सांगितला. सहाव्या डावात मिसेस टटलच्या टोपीवरची चेरी सांगितली. सातव्यात मोहरीच्या चटणीचा वास, आपल्या आप्पांनी मला पहिल्यांदा मैदानावर आणलं तो दिवस, आणि (हे मी सांगितलं यावर एडनाचा अजून विश्वास नाही) मावळतीच्या उन्हात पडलेल्या लांब सावल्या. आठव्यात मला स्वतःलाच भरून आलं. ओपल तिकडे नाक पुसत होती.

नवव्या, म्हणजे अखेरच्या डावात शेवटच्या फलंदाजाने चेंडू उंच उडवला, आमच्या पोराने तो झेलला आणि मैदान दणाणलं. मी टेलिफोन तसाच टाकला, खोपटाची शिडी कशी उतरलो देव जाणे, आणि डेलला मिठी मारली. त्याला खांद्यावर घेऊन आम्ही गावभर मिरवलं. तो हसत होता, ताई, लहानपणी हसायचा तसा, सगळे दात दाखवून. बातमीचा शेवट सांगायचा राहिलाय, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं.

सोमवारी ‘कुरियर’ आला. मथळा: ‘सुखद हवेत पिकलर्सचा विजय’. खाली माझं नाव ठळक. मग ढग, चेरी, आप्पा, सावल्या. नो-हिटरचा पत्ता नाही. आणि मजकूर लांबला म्हणून धावांचा तक्ता कापलेला.

डेल पेपर घेऊन दुकानात आला. उभ्या उभ्याच पुन्हा एकदा सगळं वाचून काढलं. मग म्हणाला, “मामा, ढगांचं छान लिहिलंयस.” पेपरची घडी घालून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, “आईला पाठवणार होतो. राहू दे आता. तोंडाने सांगितलं तर म्हणेल, फुशारक्या मारतो.” त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. तो गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

क्लिंगरकडे धावत गेलो. तो म्हणतो, वाचकाची लेखी तक्रार आल्याशिवाय दुरुस्ती छापत नाही, आणि बातमीदाराने स्वतःविरुद्ध केलेली तक्रार धरत नाही. पेनिंग्टनला विनवलं. तो म्हणाला, न पाहिलेल्या सामन्यावर मी लिहीत नाही. वर माझा हात हातात घेऊन म्हणाला, “ढग अवघड असतात रे. तुला पहिल्याच खेपेला साधले.” याहून मोठा अपमान माझा आजवर झालेला नाही.

असो. हे पत्र केवळ खुशाली कळवायला लिहिलं आहे. मागणं काही नाही. जिवाला जप.

तुझा भाऊ,
ऑर्व्हिल

ता. क. मागणं आहे. ‘कुरियर’ तुला टपालाने येतो, म्हणजे तू वाचक आहेस. क्लिंगरला कडक पत्र लिही. बातमीदार आंधळा आहे म्हण, ठोंब्या आहे म्हण, सामना सोडून आभाळ बघत बसतो म्हण. पेनिंग्टनसाठी मला जे जे सुचलं होतं ते सगळं माझ्या नावापुढे घाल, कुठेही सैल होत नाही. फक्त डेलने नो-हिटर टाकला हे दोनदा लिही, म्हणजे एकदा तरी छापतील.

पुन्हा ता. क. फारच कडक नको. येत्या रविवारीही लिहिशील का असं क्लिंगरने विचारलं आणि मी हो म्हणून बसलोय. (आप्पांबद्दल अजून बरंच सांगायचं राहिलंय.)

शेवटचं ता. क. तक्रारीचं सावकाश कर. आधी डेलला फोन कर. मी काही कळवलंय हे बोलू नकोस. त्याच्याकडून वदवून घे, आणि सांगायला लागला की मध्ये न बोलता ऐक, पहिल्यांदाच ऐकतेस असं ऐक. काय वाटेल ते विचार, ताई, पण शून्य म्हणजे चांगलं की वाईट, एवढं मात्र विचारू नकोस.