नकाशात नसलेली खोली

८ मार्च १९९८, रविवार
घर घेतलं. सात मरल्यांचं (मरला हे इकडचं जमिनीचं माप), पाठीमागे अंगण, अंगणात एक सुटी खोली. मंजूर नकाशात तिथे नुसतं अंगण आहे, खोली नाही. दलाल खन्ना म्हणाले, सब के यहाँ है जी, कुछ नहीं होता. मी त्यांच्या शब्दावर विसंबलो नाही. मागच्या गल्लीत फिरून स्वतः मोजलं. चौदापैकी अकरा घरांत अशी खोली आहे. युनिव्हर्सिटीत एकोणीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्याला एवढं पुरे.
खोली आप्पांसाठी. आई गेल्यापासून कराडला एकटे आहेत, वय एक्याऐंशी.
संकल्प : ३० एप्रिलच्या आत आप्पा चंदीगडमध्ये.

१५ मार्च
आप्पांना फोन. आप्पा बांधकाम खात्यातले रिटायर्ड ओव्हरसिअर. घर घेतल्याचं ऐकून पहिला प्रश्न, खोली नकाशात आहे का? म्हटलं, आहे. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला तांत्रिक बाबींचा त्रास कशाला?

२९ मार्च
शैलजा म्हणाली, खोलीचं रंगकाम होईपर्यंत कशाला थांबायचं, आप्पा तुमच्या स्टडीत झोपतील. स्टडीत माझी पुस्तकं आहेत, हे ती बायको असून विसरते. स्वराली म्हणाली, मेरे कमरे में सो जाएँगे ना. बारा वर्षांच्या मुलीचं काय मनावर घ्यायचं! दोघींना शांतपणे समजावलं की म्हाताऱ्या माणसाला स्वातंत्र्य लागतं. आप्पा पहाटे चारला उठून खाकरतात, रेडिओ लावतात, भांडी वाजवत चहा करतात. घरात राहिले तर त्यांनाच संकोच वाटेल. मी फक्त त्यांचा विचार करतोय.

१९ एप्रिल
नोटीस आली. मागची खोली बेकायदा, पाडा किंवा खुलासा द्या. पण नोटीस आधीचे मालक कर्नल ग्रेवाल यांच्या नावावर. घर आम्ही पॉवर ऑफ ॲटर्नीवर घेतलंय, सगळे तसंच घेतात, त्यामुळे सरकारी कागदावर मालक अजून कर्नलच. म्हणजे गुन्हाही त्यांचाच. पाकिटावर ‘येथे राहत नाहीत’ लिहून पोस्टमनला परत दिलं. शैलजा म्हणाली, पण खोली तर इथेच राहते ना. तिला कायद्याचं डोकं नाही.

१७ मे
दुसरी नोटीस. परत केली. सरावाने काम सोपं होतं.
आप्पांचं पत्र : सामान बांधून ठेवलं आहे, शेजारचे राजाभाऊ गाडीत बसवून देतील, तारीख कळव. इथे त्रेचाळीस डिग्री. पत्र्याच्या खोलीत या दिवसांत आणणं म्हणजे क्रूरपणा. तसं कळवायचं आहे. पत्र अजून लिहिलं नाही, पण मनात तयार आहे.

७ जून
पत्र अजून मनातच.

१४ जून
तिसरी नोटीस फाटकावर चिकटवून गेले. मंगळवारी इन्स्पेक्टर पाहणीला येणार. शैलजा घाबरली. मी नाही. दुपारी जेवल्यावर आडवं पडलो असता उपाय सुचला. खोली म्हणजे काय? भिंती अधिक छप्पर. छप्पर काढलं की खोली उरत नाही, नुसत्या भिंती उरतात, आणि भिंती कुणाच्या अंगणात नसतात? खन्नांचा मिस्त्री बोलावून संध्याकाळपर्यंत पत्रे उतरवले. एवढी साधी गोष्ट कर्नलला सुचली नाही!

१६ जून, मंगळवार, दुपारी ३
इन्स्पेक्टर सज्जन. दोन ग्लास शिकंजी (इकडचं लिंबू सरबत) घेतली. भिंती बघितल्या, कोपऱ्यात रचलेले पत्रे बघितले, आणि लिहिलं : बांधकाम चालू. मी म्हटलं, चालू नाही, ही खोली जुनी आहे. ते म्हणाले, पुराना होता तो प्रोफेसर साहब, जुर्माना भरके फाइल बंद हो जाती, ये तो नया काम है, तोड़ना पड़ेगा. मग मी आकडेवारी मांडली. चौदापैकी अकरा. त्यांना फार रस वाटला. अकराही घरांचे नंबर विचारून लिहून घेतले.

१८ जून
गल्लीत कुणी बोलत नाही. मिसेस आहलुवालियांनी शैलजाला बघून फाटक लावून घेतलं. उन्हाळ्याचा परिणाम असावा.

३ जुलै, शुक्रवार
खोली पाडली. चार माणसं, एक तास वीस मिनिटं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. काही वाटलं नाही. चहा घेतला, त्याचीही चव लागली नाही. धूळ बसल्यावर शैलजा म्हणाली, सुटलो एकदाचे, आता आप्पांना सरळ घरातच बोलवा. म्हटलं, हो. स्टडीतली पुस्तकं तिने आणि स्वरालीने संध्याकाळपर्यंत हलवली. मला विचारलं नाही.

५ जुलै, रविवार, सकाळी ११
आप्पांना फोन केला. शैलजाने नंबर लावून रिसीव्हर हातात दिला आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. सांगितलं की खोली नकाशात नव्हती, पाडली, आता आमच्यातच राहा. आप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, स्वरालीचं पत्र एप्रिलमध्येच आलं होतं रे, आजोबा माझ्या खोलीत या म्हणून. मग तुझं येईल म्हणून थांबलो. बांधून ठेवलेलं सामान गेल्या आठवड्यात सोडलं. राजाभाऊंकडचा डबा चांगला असतो. तू उगाच धावपळ करू नकोस.
मी म्हटलं, आप्पा, या हो. ते म्हणाले, बघू. आणि थांबले. मीही थांबलो. मग त्यांनी तब्येतीला जप म्हणून फोन ठेवला.
वाईट वाटायला हवं होतं. खुर्चीत बसून वाट बघितली. आलं ते हायसं वाटणं. आप्पांना लिहायचं पत्र पुढे ढकलताना दर वेळी असंच वाटायचं.
शैलजा बाहेर आली. कधी येतायत विचारलं. म्हटलं, येत नाहीत. तिने विचारलं, तुम्ही आग्रह केलात ना? म्हटलं, केला. एकदा केला. दुसऱ्यांदा केला असता तर आले असते, हे मला फोनवरच कळलं होतं.